मदत हवी आहे: टीव्हीवरचे सात-आठ किलो आणि माझे सहा
'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकी कार्यक्रमात पहिल्याच आठवड्यात सात-आठ किलोंनी उतरलेले स्पर्धक पाहून, चार महिन्यांत 94 वरून 88 वर आलेला माझा काटा मला केविलवाणा वाटू लागला आहे. रोज पाऊण तास चालतो, रात्री भाताऐवजी एक ज्वारीची भाकरी खातो. थायरॉईड व साखरेचे अहवाल व्यवस्थित आहेत आणि गोळ्या घ्यायच्या नाहीत. याच कार्यक्रमातील 14 स्पर्धकांवरील, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा वर्षांनंतर 13 जणांचे वजन पुन्हा वाढल्याचे आणि विश्रांतीत शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत असल्याचे आढळले, हे वाचले आहे. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: पहिल्या आठवड्यातील त्या घटीत चरबी किती व पाणी किती असते, आणि माझ्या संथ गतीनेही चयापचय तितकाच मंदावतो का?