क्रूर गुन्ह्यांना कठोर शिक्षा हवी, पण ती चुकीच्या माणसाला झाली तर?

गोदाकाठ:

आमच्या नाशिक जिल्ह्यातील एका जुन्या खटल्याचे सर्वोच्च न्यायालयातील निकालपत्र नुकतेच पूर्ण वाचले. त्यातून उभा राहिलेला प्रश्न इथल्या जाणकारांपुढे मांडतो.

जून २००३ मध्ये पेरूच्या बागेतील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली आणि त्यांतील शाळकरी वयाच्या मुलीवर आधी बलात्कारही झाला. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील मान्य करून त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला तो निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकायला घेतली आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेशही दिला. तोवर या माणसांची तुरुंगात सोळा वर्षे गेली होती, आणि त्यांच्यापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झाले होते.

वाचताना सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते एका गोष्टीने. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा माग घेतला गेला नाही, आणि ही ओळख दडपली गेली यावर न्यायालयाने २०१९ मध्ये नेमके बोट ठेवले.

अशा गुन्ह्याला कठोरातील कठोर शिक्षा असावी, असे मला मनापासून वाटते आणि निकालपत्र वाचल्यावरही ते मत बदललेले नाही. परंतु तीन न्यायालयांनी एकाच चुकीवर शिक्कामोर्तब केले असेल, तर शिक्षेची कठोरता आणि चुकीची शक्यता यांचा मेळ नेमका कुठे घालायचा?

जिल्हा_न्यायालय:

गोदाकाठ, मी बरीच वर्षे फौजदारी वकिली करतो. माझ्या मते आपली सारी चर्चा शिक्षा सुनावण्याच्या टप्प्यावर येऊन थांबते, आणि घोळ मात्र त्याच्या फार आधी झालेला असतो.

१९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशी केवळ विरळात विरळ प्रकरणांपुरती राखली. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विचार याचिका सर्वोच्च न्यायालयाला खुल्या न्यायालयात ऐकाव्या लागतात. आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती न्यायालयाने स्वतःहून मागवावी, असे २०२२ च्या मनोज निकालात सांगितले आहे. या तरतुदी मोलाच्या आहेत, पण त्यांतील बऱ्याचशा ‘या दोषी माणसाला किती शिक्षा द्यावी’ याचा विचार करतात. ‘हाच तो माणूस आहे का’ हा प्रश्न वरची न्यायालये तपासतात ती त्याच कागदांवरून, जे तपास अधिकाऱ्याने तयार केलेले असतात. अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही. खालच्या न्यायालयात जी उलटतपासणी झाली नाही, ती वर कोणी करून देत नाही. त्यामुळे ‘तीन न्यायालयांनी दोषी ठरवले’ याचा अर्थ बहुतेक वेळा तीन न्यायालयांनी एकच फाइल वाचली, एवढाच असतो.

ती फाइल कशी तयार होते, हे एका उदाहरणाने सांगतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र त्याने दाखवलेल्या जागेतून एखादी वस्तू मिळाली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढा भाग पुरावा ठरतो. परिणामी खुनाच्या खटल्यात निवेदन पंचनाम्याला, म्हणजे पंचांसमक्ष केलेल्या या निवेदनाच्या आणि शोधाच्या लेखी नोंदीला, विलक्षण महत्त्व येते. आता हे पंच कोण असतात ते पाहा. पोलीस ठाण्याजवळचा टपरीवाला, कुणाचा तरी ओळखीचा रिक्षावाला, कधी कधी तर अनेक खटल्यांत पंच म्हणून उभा राहिलेला एकच माणूस. पंचनाम्याची भाषा सगळीकडे सारखी, आरोपी ‘स्वखुशीने’ बोलतो, कोयता नेहमी झुडपात सापडतो. चांगला वकील पंचाला जागेची दिशा, रस्ता, वेळ विचारून दहा मिनिटांत त्याचा खरेपणा पारखतो. परंतु आरोपीला वकील मिळतो तो पुष्कळदा साक्ष सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आणि पक्षकाराशी निवांत बोलायला त्याला एक तासही मिळत नाही. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्याचा बचाव असा चालतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की शिक्षा जितकी कठोर, तितकी तपासाची आणि बचावाची अट कडक हवी, आणि ती कायद्यातच लिहिलेली हवी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचे झाले आहे, तसेच सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आली आहे. हे योग्य दिशेचे पाऊल आहे. पण चित्रीकरण नसेल तर तो पुरावा बादच, असे कायदा कुठेही म्हणत नाही, आणि तिथेच पळवाट उरते.

वैदर्भी:

मी अत्याचारग्रस्त स्त्रिया आणि हत्या झालेल्यांच्या कुटुंबांसोबत काम करते. अशा चर्चांत पीडितांची बाजू एका वाक्यात उरकली जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कोपर्डीतील मुलीवरील बलात्कार आणि हत्येची घटना जुलै २०१६ मधील, आणि सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली नोव्हेंबर २०१७ मध्ये. आपल्याकडे एवढा काळ म्हणजे वेग समजला जातो. मुंबईतील शक्ती मिलच्या सामूहिक बलात्काराच्या खटल्यात २०१४ मध्ये तिघांना झालेली फाशी उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मरेपर्यंतच्या जन्मठेपेत बदलली. दरम्यान मुलीच्या आईला प्रत्येक तारखेला कामाची मजुरी बुडवून कोर्टात यावे लागते, आरोपीच्या नातेवाइकांसमोर त्याच बाकावर बसावे लागते, आणि ‘पुढची तारीख’ ऐकून परत जावे लागते. मनोधैर्य योजनेतून २०१३ पासून आर्थिक मदत मिळू लागली. पण ती वेळेवर हातात पडावी म्हणूनही खेटे घालावे लागतात. या बायका फाशी मागतात, तेव्हा ‘सूडाची भावना’ म्हणून त्यांची बोळवण करू नये. आपल्या लेकराच्या जिवाची काही किंमत या व्यवस्थेत आहे का, हा त्यांचा प्रश्न असतो आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

तरीही गोदाकाठ यांनी सांगितलेल्या खटल्यात मला जे दिसते, ते त्या आईच्या बाजूने सांगते. पाच माणसे डोळ्यांदेखत गेलेल्या बाईने चार जण ओळखून दाखवले आणि तिचे ऐकले गेले नाही. म्हणजे निर्दोष माणसांवर अन्याय झाला तो पीडितेला न्याय देण्याच्या घाईत झाला, असे म्हणायलाही जागा नाही, कारण पहिल्यांदा डावलले गेले ते तिचेच म्हणणे. सोळा वर्षांनी सहा जण सुटले, त्या दिवशी तिच्या हाती काय उरले? ज्यांनी घर उद्ध्वस्त केले ते कोण, हेच ठरलेले नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा होणे हा पीडितांवर झालेला दुसरा अत्याचार आहे, आणि हे मी त्या कुटुंबांनाही स्पष्टपणे सांगते.

पालावरचा:

सर्वांचे लेखन वाचले. एक मुद्दा राहिला आहे. ते सहा जण भटक्या जमातीतले होते, हा योगायोग समजू नये.

इंग्रजांनी १८७१ मध्ये आमच्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी परिसरात दरोडा पडला की पहिली गाडी आजही पालावर येते. माझ्या लहानपणी वडिलांना अशाच एका पहाटे नेले होते. तीन दिवसांनी सोडले, ना अटकेची नोंद ना सोडल्याची. घरात रेशनकार्ड नाही, मुलाची जन्मनोंद नाही, सांगायला कायमचा पत्ता नाही, अशा माणसाला ‘त्या रात्री मी दुसरीकडे होतो’ हे सिद्ध करता येत नाही आणि आपले वयही सिद्ध करता येत नाही.

वयाचा मुद्दा किरकोळ नाही. पुण्यातील १९९४ च्या सात जणांच्या हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य करून त्याला सोडले. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो आत होता. राजस्थानातील शाळेच्या नोंदीतील जन्मतारीख उपयोगी पडली म्हणून तो सुटला. आमच्या किती मुलांची शाळेत नोंद असते?

गोदाकाठ:

आपणा सर्वांचे आभार. वैदर्भीताई, त्या आईचा विचार मी केला होता, पण आपण मांडला तसा नव्हे. आता वकीलसाहेबांना एक उपप्रश्न विचारतो. २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने स्त्रिया आणि मुलांवरील अत्याचारांबाबत मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात काही गुन्ह्यांना फाशीची तरतूद होती, आणि तपास व खटला संपवण्यासाठी दिवसांत मोजलेली मुदत होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते लागू झाले नाही. विलंबाबद्दल वैदर्भीताईंनी जे लिहिले ते पाहता अशी मुदत हवी, असे वाटते. आपले मत काय?

जिल्हा_न्यायालय:

मुदत हवी, परंतु ती कोणत्या कामाला लावायची याचा विचार हवा. न्यायवैद्यक अहवाल मुदतीत आलाच पाहिजे, सरकारी वकिलाची नेमणूक मुदतीत झालीच पाहिजे, साक्षीदाराला एकदा बोलावले की त्याच दिवशी साक्ष झालीच पाहिजे. वैदर्भीताई सांगतात ती वर्षे बहुतांशी इथे वाया जातात. उलट ‘आरोपी तीस दिवसांत शोधा’ असा दट्ट्या लावला, तर पोलीस जवळचा माणूस उचलतील, आणि जवळचा म्हणजे कोण, ते पालावरचा यांनी सांगितलेच आहे.

लोकांचा संताप जितका मोठा, तितका हा धोका वाढतो. ११ जुलै २००६ च्या लोकलमधील स्फोटांचा खटला पाहा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली; जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात मात्र पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, आणि उच्च न्यायालयाने नेमके तेच जबाब विश्वासार्ह मानले नाहीत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. तिथे सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलेले नाही, मात्र हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली आहे. प्रकरण प्रलंबित असल्याने अधिक भाष्य करत नाही.

भरपाईबद्दल कोणी विचारले नाही, पण तेही सांगतो. नाशिकच्या खटल्यातील ५ लाख रुपये न्यायालयाने स्वतःच्या अधिकारात दिले. सुटलेला प्रत्येक माणूस ते हक्काने मागू शकेल, असा कायदा नाही. विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून भरपाई मिळण्याचे जे कलम आहे, त्याची कमाल मर्यादा नव्या संहितेतही १,००० रुपयेच आहे. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालये आणि भरपाईचा वैधानिक हक्क सुचवला होता. माझी या विषयातील पहिली मागणी तीच आहे, कारण चुकीच्या तपासाचा खर्च सरकारी तिजोरीतून ठरलेल्या दराने जाऊ लागला, की तपास कसा चालतो याची चौकशी गृहखाते स्वतःहून करू लागेल.

वैदर्भी:

त्या मागणीत एक भर घालावी. आरोपी निर्दोष सुटला, तर मूळ गुन्ह्याचा तपास आपोआप पुन्हा सुरू झाला पाहिजे आणि तो वेगळ्या यंत्रणेकडे गेला पाहिजे. पीडित कुटुंबाला त्यासाठी अर्ज घेऊन फिरायला लावू नये.