बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या खाली आल्याशिवाय आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी उपचार) नाही: पटतं का?

शेवंती: "आधी दहा किलो उतरवा, मग बघू" असं सांगून बाईला परत पाठवणं मला पटत नाही. वजन जास्त असलं की गोनाडोट्रॉपिनचा (बीजं वाढवणाऱ्या इंजेक्शनांचा) डोस वाढतो, गर्भपातही जास्त होतात, हे कबूल. पण ३८ वय असलेलीला वर्षभर थांबवलं तर गेलेली स्त्रीबीजं परत येत नाहीत. स्वीडनची २०१७ ची चाचणी बघा. बीएमआय ३० ते ३५, बारा आठवडे रोज ८८० कॅलरीचा आहार, सरासरी साडेनऊ किलो उतरले. जिवंत बाळ जन्मलं २९.६ टक्के जणींना. थेट आयव्हीएफ केलेल्यांत २७.५. एवढ्यासाठी ताटकळत ठेवायचं?

धोंडूतात्या: सोयीचा आकडा तेवढा उचललात. त्याच चाचणीत वजन उतरवलेल्यांपैकी १०.५ टक्क्यांना आयव्हीएफशिवायच दिवस राहून बाळ झालं, दुसऱ्या गटात २.६. शिवाय पिकअपचं, म्हणजे सुईने स्त्रीबीजं बाहेर काढण्याचं काय? भूल बहुधा श्वासनलिकेत नळी न घालता देतात. स्थूल बाईची जीभ मागे पडून श्वास अडतो, ऑक्सिजन झरझर उतरतो. अंडाशय वर असेल तर योनीतून सुई पोचत नाही, कुणीतरी पोट दाबून धरायचं. पुढे नऊ महिने बीपी आणि साखर आहेतच.

शेवंती: मग पिकअप भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असलेल्या ठिकाणी करा. भ्रूण गोठवा, वजन नंतर उतरवू दे. घड्याळ बीजांचं चालू असतं, गोठवलेल्या भ्रूणाचं नाही.

मोगलाई: दोघंही पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) विसरलात. उंची १५८ सेंमी, वजन ७५ किलो म्हणजे बीएमआय ३०. या वजनाचे ५ टक्के म्हणजे जेमतेम पावणेचार किलो. तेवढ्यानेही अनेकींची पाळी रुळावर येते, लेट्रोझोलवर (बीज फुटण्यासाठीच्या गोळ्यांवर) बीज फुटतं. तिशीच्या आतल्या अशा मुलीला थेट आयव्हीएफ टेबलावर कशाला न्यायचं? पण गर्भनलिका बंद असतील तर हे सगळं गैरलागू.

धोंडूतात्या: हे मान्य. आणि सेमाग्लुटाइड हे वजन उतरवायचं औषध घेणाऱ्यांनी दिवस राहण्याच्या प्रयत्नाआधी किमान दोन महिने ते बंद करायचं असतं. पिकअपला आलात तर भूलतज्ज्ञाला शेवटच्या डोसची तारीख सांगा. या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं, उपाशी असूनही उलटी फुप्फुसात जाऊ शकते.

मोगलाई: आणि नवऱ्याला काट्यावर कोण उभं करतं? चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, शुक्राणू घटू शकतात. जिमवाल्याने दिलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर संख्या शून्यावरही आणतं. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. बायकोचे बारा आठवडे चालू असताना त्याचेही होतील.