मदत हवी आहे: व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना कानाचं अ‍ॅक्युपंक्चर शिकवणारं कोणी? (सोलापूर)

जुना_पुणे_नाका: आमच्या केंद्रातल्या तीन डॉक्टरांना नाडा नावाची कानात सुया टोचायची पद्धत शिकायचीय. कानातले पाच बिंदू, बास. पुण्या-मुंबईला विचारलं तर सगळे अख्खा डिप्लोमा गळ्यात मारतात. सोलापुरात येऊन शिकवणारं कोणी आहे का? लवकर सांगा, मीटिंगमध्ये नाव द्यायचंय.

वॉर्डबॉय_नव्हे: डॉक्टर एमबीबीएस की बीएएमएस? व्यसन कसलं? भरती ठेवता की ओपीडी?

बाळीवेस: माझ्या सासूबाईंचा गुडघा सुयांनीच बरा झाला. नंबर व्यनि (खाजगी निरोप) करू का?

जुना_पुणे_नाका: गुडघा नाही हो ताई, दारू!! एक एमबीबीएस, दोन बीएएमएस. पेशंट भरती असतात, बहुतेक देशीवाले, थोडे शिंदीवाले. आल्या दिवसापासून सुया सुरू करायचा विचार आहे, म्हणजे गोळ्या कमी लागतील.

वॉर्डबॉय_नव्हे: गोळ्या कमी?? दारू तुटल्यावर 48 ते 72 तासांत भ्रम होतो, फिट त्याआधीही येते. माणूस दगावतो. लोराझेपाम (फिट-भ्रम आवरणारं औषध), थायमिन (बी1 जीवनसत्त्व) आधी. सुया वरून टोचा हवं तर.

भैय्या_चौक: अ‍ॅक्युपंक्चर चीनहून आणलं आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी, आणि सोलापूरलाच शिकवायला माणूस नाही. लाज आहे की!

कडक_भाकरी: कोटणीस 1942 ला तिकडंच वारले, आणतील कसं? ते सर्जन होते. 1938 ला भारतातून चीनला गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातले डॉ. बसू पुढं पुन्हा चीनला जाऊन शिकून आले, कोलकात्यात सुरू केलं.

भैय्या_चौक: पथक एकच ना? मग झालं की.

शंकेखोर: मुळात उपयोग होतो का? 2002 मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 620 कोकेनवाल्यांवरची चाचणी आली होती. कानातले ठरलेले बिंदू, भलत्याच जागी सुया आणि नुसतं रिलॅक्सेशन, तिन्हींत फरक निघाला नाही.

सुईदोरा: ते कोकेन, हे दारू. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलात सत्तरच्या दशकापासून हे चाललं, 1985 ला नाडा संस्था निघाली. पेशंट गोल करून अर्धा-पाऊण तास गप्प बसतात. चौथ्या दिवशी पळून जाणारा माणूस तेवढा वेळ खुर्चीत टिकतो, मला तेवढंच पुरतं.

शंकेखोर: मग भजनाला बसवा, सुया कशाला?

सुईदोरा: तुम्ही एकदा भरती वॉर्डात रात्रपाळी करा, मग बोलू. धागाकर्ते, नाडाचं प्रशिक्षण सुमारे 70 तासांचं असतं, त्यातला बराच भाग पेशंटवर सराव. त्यामुळे रविवारी येऊन उरकणारा शिक्षक बघू नका. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे. तिन्ही डॉक्टरांना नोंदणी लागेल का, ते आधी राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेला लेखी विचारा. सुया एकदाच वापरायच्या, काढताना मोजून घ्यायच्या. केसांत एखादी राहतेच.

जुना_पुणे_नाका: 70 तास?? मीटिंग सोमवारी आहे. त्यांना काय सांगू?

वॉर्डबॉय_नव्हे: आधी लोराझेपामचा साठा किती आहे ते सांगा.

बाळीवेस: नंबर व्यनि केलाय. ते डॉक्टर शिकवतातसुद्धा म्हणे, पण गुडघ्याचंच.