अनुभव धागा: आलेली माहिती तुम्ही कशी पारखता? (बेळगाव सीमाभाग)

पुराचा मेसेज, सीमाप्रश्नावरचं पुस्तक, जमिनीचा उतारा, योजनेची लिंक... आपल्याकडे दोन्ही राज्यांचं सगळं एकाच मोबाइलवर येऊन पडतं. नुसतं 'खात्री करा' नको. नेमकं काय बघता, ते लिहा.

चिकोडीहून
पुराच्या मेसेजमध्ये आधी वेळ बघायची. तारीख-वेळ नसेल तर पुढं पाठवूच नये, नदीची पातळी चार तासांत बदलते. मग एकक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. 1 क्युमेक म्हणजे सुमारे 35.3 क्युसेक, इथं गल्लत झाली की आकडा पस्तीसपट फुगतो.
त्यानंतर गुणाकार करा. 1 लाख क्युसेक पाणी पूर्ण दिवसभर वाहिलं तर 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) होतं. 'कोयनेत एका रात्रीत 40 टीएमसी वाढ' असं कुणी लिहिलं, तर बारा तास सलग नऊ लाखांवर क्युसेक आवक हवी. कोयनेची पूर्ण क्षमताच 105.25 टीएमसी आहे. मेसेज तिथंच निकाली.
पातळीचंही तसंच. अलमट्टीची 519.60 मीटर ही समुद्रसपाटीपासूनची उंची, पाण्याची खोली नव्हे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरचे 39 फूट (इशारा) आणि 43 फूट (धोका) हे तिथल्या मोजपट्टीवरचे. या दोन्हींची तुलना करणारा मेसेज लिहिणाऱ्याला विषय कळलेला नाही, बाकीचंही सोडून द्या.

निपाणीहून
हायवेवर पाणी आल्याचे 2019 आणि 2021 चे व्हिडिओ दर पावसाळ्यात परत फिरतात. व्हिडिओ थांबवून दोन-तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका; पहिलीच फ्रेम टाकली तर बऱ्याचदा काही सापडत नाही. नंबरप्लेटी वाचा: केए 23 चिकोडी, केए 22 बेळगाव, एमएच 09 कोल्हापूर. दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत तेही बघा. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर मेसेज निदान पाच हातांतून आलेला असतो, म्हणजे मूळ पाठवणारा शोधत बसण्यात अर्थ नाही.

बेळगावहून
छापील पुस्तकावर आपण फार लवकर विश्वास ठेवतो. सीमाप्रश्नावर लिहिताना 1951 आणि 1961 ची जनगणना शेजारी ठेवून 'जिल्ह्यात मराठी भाषक इतके घटले' असं मांडलेलं आढळतं. पण 1956 मध्ये चंदगड बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूरला गेलं. जिल्हाच बदलला, मग तुलना तालुकावार किंवा गाववारच करायला हवी. शहर, तालुका, जिल्हा यांची टक्केवारीही एकमेकांच्या जागी वापरलेली असते; तक्त्याचं शीर्षक वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.
264 गावं ही सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात महाराष्ट्राला द्यायला सुचवलेली; 814 किंवा 865 हे महाराष्ट्राच्या दाव्याचे आकडे. बाजू कोणतीही असो, लेखकाने हे दोन्ही एकत्र कालवले असतील तर त्याच्या इतर आकड्यांना मूळ कागद मागा. आपल्या बाजूच्या पुस्तकाला तर जास्तच कडक तपासावं, कारण चुकीचा आकडा समोरच्याला आयता सापडतो आणि खरा मुद्दाही त्याबरोबर वाहून जातो.

खानापूरहून
पहाणीवर (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) क्षेत्र एकर-गुंठ्यांत, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. 1 हेक्टर म्हणजे 2 एकर आणि जवळपास 19 गुंठे. दलालाने पाठवलेल्या फोटोवर व्यवहार नको; सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर टाकून 'भूमी' या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटवर पहाणी स्वतः काढा.

बेळगावहून, आणखी एक
योजनेच्या लिंकमध्ये सुरुवातीच्या 'https://' नंतर जी पहिली तिरकी रेष येते, तिच्या आधीचा शेवट बघा, तिथं 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'च हवं. नावात 'जीओव्ही' घुसडून शेवटी 'डॉट कॉम' असेल तर ती बनावट. लाडकी बहीण महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी, गृहलक्ष्मी कर्नाटकाची. 'सीमाभागासाठी दोन्ही' म्हणणाऱ्या फॉर्मवर आधार नंबर टाकू नका.