ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक असतो का? झोन बदलाविरुद्ध मदत हवी आहे (गोवा)

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. विषय जमिनीचा वाटेल, पण मला कळायला हवंय ते हे की असे निर्णय नेमके कोण घेतं आणि त्यात आम्हा गावच्या लोकांचं ऐकायची सक्ती कुठे आहे. पोस्ट थोडी लांबणार.

गावाच्या वरच्या बाजूला डोंगराच्या उतरणीवर काजूची बाग आहे, प्रादेशिक आराखडा 2021 मधे (कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा राज्याचा आराखडा) ती ऑर्चर्ड म्हणजे बागायत म्हणून दाखवलीय. पायथ्याला झर आहे आणि तिचं पाणी पाटानं खालच्या कुळागरांना (सुपारीच्या मिश्र बागांना) जातं, माडी म्हणजे सुपारीची झाडं, केळी, जायफळ सगळं त्याच्यावरच. आता त्या बागेचा झोन बदलून सेटलमेंट, म्हणजे वस्तीची जमीन, करायची नोटीस निघालीय, नगरनियोजन कायद्यात 2024 साली घातलेल्या कलम 39अ खाली. नोटीस म्हणजे तक्त्यातली एक ओळ: गाव, सर्व्हे नंबर, चौरस मीटर, आताचा झोन, मागितलेला झोन, बस्स. झरीचा उल्लेख नाही, उतार किती ते नाही, वर रस्ता कुठून नेणार तेही नाही.

रविवारच्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर सभागृह भरून लोक व्हरांड्यात उभे होते. एक म्हातारी बाई उठून सरपंचांना म्हणाली, पाणी आटलं तर माडी जगवायच्या कशा ते आधी सांगा, मग बाकीचं बोला. कोणाकडेच उत्तर नव्हतं. झोन बदलू नये असा ठराव एकमताने झाला, इतिवृत्तात आला, वर पाठवला. मग चौकशीला एका कार्यालयात गेलो तर तिथे म्हणाले ग्रामसभेचा ठराव म्हणजे नुसती शिफारस, त्याने काही अडत नाही.

हे खरं आहे का? मग 73वी घटनादुरुस्ती करून ग्रामसभेला घटनेत जागा दिली ती कशाला? ओडिशात नियमगिरीला 2013 साली 12 ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि बॉक्साइटची खाण थांबली, ते आमच्याकडे का चालत नाही? आणि आता हातात जे थोडे दिवस आहेत त्यात करायचं काय? कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा, गावात लोक खरंच काळजीत आहेत.

प्रतिसाद १

तुम्हाला सांगितलं ते अर्धंच खरं आहे. घटनेचं कलम 243अ म्हणतं की ग्रामसभेचे अधिकार राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून द्यायचे, म्हणजे घटनेनं ग्रामसभा दिली पण तिच्या हातात काय असेल ते राज्यावर सोडलं. आपल्याकडे गोवा पंचायत राज कायदा 1994 आहे, पण झोन ठरवायचं काम नगरनियोजन कायदा 1974 खाली चालतं. नियमगिरीची गोष्ट वेगळी, तिथे वनहक्क कायदा 2006 होता, अनुसूचित क्षेत्र (घटनेखाली जाहीर केलेला आदिवासी भाग) होतं आणि सुप्रीम कोर्टानेच प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं. गोव्यात अनुसूचित क्षेत्रच नाही त्यामुळे अशा भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदाही लागू नाही.

पण म्हणून ठराव वाया गेला असं नाही. 39अ मधे लोकांच्या सूचना मागवायला किमान 30 दिवस द्यावेच लागतात, मग नगरनियोजन मंडळाची शिफारस आणि सरकारची मंजुरी. तुमची जागा त्या 30 दिवसांत आहे. ठरावाची प्रत जोडून प्रत्येकाने स्वतःच्या नावाने हरकत द्या, एकच झेरॉक्स शंभर जणांनी सही करून देऊ नका, ज्याचं कुळागर आहे त्याने पाण्याचं लिहावं, ज्याचं घर खाली आहे त्याने दरडीचं. कारण लेखी फाईलमधे गेलं की पुढे कोर्टात विचारता येतं, याचा विचार केला होता का म्हणून.

माहिती अधिकाराचा अर्जही आजच टाका, 10 रुपये फी, प्रस्ताव आणि फाईलवरच्या टिपण्या मागा. फक्त उत्तराला 30 दिवस लागू शकतात म्हणून त्याची वाट बघत हरकत थांबवू नका. आणि समजा झोन बदललाच तरी सगळं संपत नाही, कलम 17अ खाली डोंगर कापायला मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी लागते, रूपांतराची सनद (जमीन बिगरशेती करायची परवानगी) लागते आणि बांधकामाचा परवाना शेवटी पंचायतीकडूनच यावा लागतो.

प्रतिसाद २

आमदारांना विसरू नका. विधानसभेत तारांकित प्रश्न पडला तर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते कायमचं रेकॉर्डवर राहतं. शिवाय प्रादेशिक आराखडा 2011 आठवा, लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी 2007 मधे सरकारने तो मागे घेतला. पुढे 2021 चा आराखडा करताना मसुदे गावोगावी पाठवून मतं घेतली होती, आजी म्हणाली तसले झरींचे, बांधांचे मुद्दे लोकांनी तेव्हाही मांडलेले. त्या वेळचे पंचायतीतले कागद शोधा, तुमच्या बागेबद्दल गावाने काय म्हटलं होतं ते मिळालं तर हरकतीला चांगला जोर येईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जुने कागद काढायला पंचायत सचिवांना उद्याच भेटतो. एकच राहिलं, खालच्या कुळागरातली दोन-तीन घरं कुळांची आहेत, एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्याकडचा सातबारा) त्यांचं नाव अजून चढलेलं नाही, पण पाणी गेलं तर पहिला फटका त्यांनाच. त्यांची हरकत धरतील का?

प्रतिसाद १

धरायलाच हवी. सूचना लोकांकडून मागवल्यात, जमीन मालकाकडून नव्हे. त्यांच्या पत्रात आधी ते किती वर्षं कसतात आणि पाट कुठून येतो ते लिहा, जमल्यास पाटाचा फोटो. आणि पत्र कोणाचंही असो, दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.