‘डायरेक्ट’ म्हणजे विनाथांबा नव्हे

बी-५०३: नमस्कार मंडळी. घरचं वयस्कर माणूस विमानाने एकटं जाणार असेल तर हे वाचाच. परवा बाबा (वय ७८) मुंबईहून गुवाहाटीला ताईकडे निघाले. तिकीट काढून देणारा म्हणाला, ‘डायरेक्ट आहे, काळजी नको.’ मध्येच विमान कोलकात्याला उतरलं. बाबांना वाटलं, आलं गुवाहाटी. पिशवी घेऊन दारापर्यंत गेले! हवाईसुंदरीने बोर्डिंग पास बघितला म्हणून बरं.

ए-१०२: अरे बापरे! पोचले ना नीट?

बी-५०३: हो काकू, सुखरूप. पण फोनवर आवाज कापत होता त्यांचा.

सी-२०१: म्हणजे डायरेक्ट नव्हतंच. फसवलं तुम्हाला.

डी-४०४: तसं नाही. मी विमान कंपनीच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली, रोज हाच घोळ. ‘डायरेक्ट’ म्हणजे मुक्कामापर्यंत फ्लाइटचा नंबर एकच. मध्ये थांबा असू शकतो. कुठेही न उतरता जातं ते ‘नॉन-स्टॉप’. विमान बदलून दुसऱ्या नंबरच्या फ्लाइटने पुढे जायचं ते ‘कनेक्टिंग’. १९४८ साली एअर इंडियाची मुंबई–लंडन सेवा सुरू झाली, तीही कैरो, जिनिव्हा करत जायची.

ए-३०१: आमच्या एसटीत हे दोन शब्द कधीपासून वेगळे आहेत! पुण्याची थेट गाडी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव घेत जाते, पण गाडी बदलावी लागत नाही. विनाथांबा नाशिकहून सुटली की पुण्यालाच. ‘नॉन-स्टॉप’ला विनाथांबा म्हणा की, कुणालाही कळेल.

डी-४०४: काका, अगदी बरोबर. इतका चपखल शब्द असताना आपण तो विमानाला वापरतच नाही.

सी-२०१: सासूबाईंचं तिकीट काढायचंय. नेमकं काय विचारू?

डी-४०४: दोनच प्रश्न. मध्ये कुठे उतरतं का? आणि विमान बदलायचं का? ‘डायरेक्ट आहे ना?’ असं विचारूच नका, उत्तर ‘हो’च येणार. विमान तेच पुढे जाणार असेल तर सहसा जागेवरच बसवून ठेवतात. वरच्या कप्प्यातली आपली पिशवी कोणती तेवढं विचारतात. हे घरूनच सांगून ठेवलं की माणूस घाबरत नाही.

बी-५०३: दादा, बाबांचं परतीचं तिकीट आत्ता उघडून बघितलं. बारीक अक्षरात ‘१ स्टॉप’ आहेच. ताईला सांगितलंय, मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून त्यांच्या खिशात ठेव: ‘कोलकात्याला उतरायचं नाही. बसून राहायचं.’