छायाचित्रणाची मासिके बंद पडली, ते खरेच बरे झाले का?

धरमपेठकर
छायाचित्रणाची छापील मासिके म्हणजे कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत चार फोटो घुसवलेल्या पुस्तिका होत्या आणि त्यांच्यासाठी हळहळणारे लोक खरे तर स्वतःच्या तारुण्यासाठी हळहळतात, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. अमेरिकेतील १९३७ पासूनचे 'पॉप्युलर फोटोग्राफी' २०१७ मध्ये छापायचे थांबले आणि जपानमधील १९२६ साली सुरू झालेले 'असाही कॅमेरा' २०२० मध्ये बंद झाले. एवढी दशके वाचक पदरचे पैसे मोजून निव्वळ जाहिराती विकत घेत होते, असे मानायचे असेल तर वाचकांना मूर्ख ठरवण्याचे धाडस तरी उघडपणे करावे.

माझ्या मते मासिकाबरोबर कागद गेला हे फारसे महत्त्वाचे नाही. नकार देणारा संपादक गेला, हे महत्त्वाचे आहे. रंगीत पानासाठी स्लाईड, म्हणजे थेट रंगीत चित्र उमटलेली पारदर्शक फिल्म, पाठवावी लागे आणि स्लाईडवर प्रकाशाच्या मापातील अर्ध्या स्टॉपची चूकही लपत नसे. नागपूरच्या महाल भागातील मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीची एक स्लाईड मी मोठ्या अभिमानाने पाठवली होती. पिवळी मारबत ठसठशीत आली होती, रंग उत्तम होते, तरीही ती परत आली आणि सोबतच्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते की मूर्ती दिसते, तिला घेऊन जाणारी माणसे दिसत नाहीत. आज त्याच फोटोखाली शंभर अंगठे उमटले असते आणि मला काहीही कळले नसते.

हायपो
तो सदस्य मीच आहे. आपली चिठ्ठी आपल्याला लखलाभ असो. आम्हाला ती कधी मिळाली नाही, कारण स्लाईडचा रोल, तिची धुलाई आणि टपाल हा खर्च इतवारीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाच्या आवाक्यात नव्हता. ही मासिके इंग्रजीत असत, रेल्वे स्थानकाच्या स्टॉलवर आणि सीताबर्डीच्या मोजक्या दुकानांत मिळत, आणि आमच्या हाती येत ती रद्दीतून, तीही कुणीतरी मधली पाने कापून घेतल्यावर. उजव्या पानावर ज्या भिंगाचे परीक्षण असे, त्याच कंपनीची जाहिरात डाव्या पानावर असे. ते परीक्षण किती परखड असणार, हे सांगायला संपादकाची चिठ्ठी लागत नाही. आज उमरेडची मुलगी मराठीतून, फुकट, छिद्रमान (अ‍ॅपर्चर) आणि शटरचा हिशेब शिकते. हे नुकसान आहे काय?

शिवाय ज्या संपादकाची आपण आरती ओवाळता आहात, त्याच जातकुळीच्या लोकांनी 'नॅशनल जिओग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांच्या जवळ सरकवले होते, कारण आडवा फोटो उभ्या चौकटीत मावत नव्हता.

अंबाझरी
आपण दोघेही ताडोब्याच्या जंगलाचा विषय टाळत आहात. नकार देणारे कुणी उरले नाही म्हणूनच तेथे एका वाघिणीभोवती सफारीच्या जिप्सी गाड्यांचा गराडा पडतो आणि संध्याकाळपर्यंत एकाच क्षणाचे शेकडो फोटो सर्वत्र फिरतात. माझ्यासमोर एका गृहस्थांनी चालकाला, गाडी आणखी पुढे घ्या, नाही तर पैसे देणार नाही, असे बजावले होते. त्यांच्या हातातील भिंगाच्या किमतीत माझी स्कूटर दोनदा आली असती. छापील मासिकाच्या संपादकाने त्या शेकडो फोटोंतून एकही घेतला नसता.

हायपो
हे उलटे तर्कशास्त्र झाले. वाघ म्हणजे चौकट भरून उरणारा चेहरा, हे आम्हाला कुणी शिकवले? या मासिकांच्या मुखपृष्ठांनीच शिकवले. आज जगभर गाजणारी वन्यजीव छायाचित्रणाची ब्रिटिश स्पर्धादेखील १९६५ मध्ये एका नियतकालिकानेच सुरू केली. तिच्या २००९ च्या विजेत्या फोटोत फाटकावरून झेप घेणारा लांडगा बहुधा पाळीव होता, असे परीक्षकांना नंतर मान्य करावे लागले. गराड्याचे बी कुणी पेरले, हे त्यावरून ठरवावे.

अंबाझरी
बी कुणीही पेरले असो, पीक आज कोण काढत आहे? मी जंगलाबद्दल बोलते आहे आणि आपण मला पारितोषिकांचा इतिहास सांगत आहात. सकाळच्या फेरीला ताडोब्याच्या फाटकावर एकदा उभे राहून पाहा, म्हणजे मुखपृष्ठावर खापर फोडणे किती सोयीचे आहे ते कळेल.

धरमपेठकर
लांडग्याचे उदाहरण दिल्याबद्दल मी हायपो यांचा आभारी आहे, कारण ते माझ्याच बाजूचे आहे. जानेवारी २०१० मध्ये तो पुरस्कार जाहीरपणे काढून घेण्यात आला. पिरॅमिडांच्या मुखपृष्ठाबद्दलही इतका गदारोळ झाला की वृत्तछायाचित्रणातील नीतीची चर्चा त्याच्या उल्लेखाशिवाय क्वचितच होते. चूक झाली तेव्हा जाब कुणाला विचारायचा, हे तरी ठाऊक होते. गराड्यातून काढलेल्या फोटोचा जाब आपण कुणाला विचारणार आहात?

गांधीबाग ऑफसेट
मी छपाईच्या धंद्यात आहे आणि दोन्ही बाजूंचे वाचून करमणूक होते आहे. आर्ट पेपर, चार रंगांच्या प्लेटा, रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके, जुळेपर्यंत वाया जाणारे ताव आणि विकले न गेलेले परत येणारे अंक हा सगळा खर्च मुखपृष्ठावरील किमतीतून कधीच निघत नसे. जाहिराती होत्या म्हणूनच ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला पगार मिळत होता, हे धरमपेठकर सांगत नाहीत आणि हायपो यांना समजून घ्यायचे नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक पाठवणी २०१० मध्ये सुमारे १२ कोटी होती, ती २०१९ मध्ये सुमारे दीड कोटीवर आली. फोनने कॅमेरे खाल्ले, कॅमेऱ्यांबरोबर जाहिराती गेल्या आणि जाहिरातींबरोबर संपादक गेला. यात कुणाची अभिरुची वगैरे घसरण्याचा संबंध थोडा आहे, हिशेबाचा अधिक आहे.

धरमपेठकर
हिशेब मान्य आहे. पण मग १८८४ पासून निघणारे ब्रिटनचे 'अमॅच्युअर फोटोग्राफर' आजही कसे छापले जाते? वाचक टिकवता आला, तर पाने कमी करूनही अंक निघतो.

हायपो
ब्रिटनमध्ये एक नियतकालिक जिवंत आहे म्हणून नागपुरात आनंदोत्सव करावा, असे आपले म्हणणे असेल तर मी पेढे आणतो. नकार देणारा कुणीतरी हवा, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. त्याने चकचकीत कागदावर आणि इंग्रजीतच नकार द्यावा, हे मान्य करणार नाही. बाकी, आपल्या कपाटात त्या मासिकांचे गठ्ठे असतील, तर ते एखाद्या महाविद्यालयाच्या वाचनालयाला देऊन टाका. इतके अमूल्य असताना ते कुलपात का आहेत?

धरमपेठकर
देणार नाही. वाचनालयात मधली पाने कापली जातात, हे आपणच वर लिहिल्यासारखे आहे. ज्याला वाचायचे असेल त्याने रविवारी घरी यावे आणि अंकाला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. हे आमंत्रण आपल्यालाही आहे.

अंबाझरी
आणि ताडोबा?